दान आणि देणे

नाशिकहून पेठकडे जाणारा रस्ता सावळघाटाशी पोहोचतो तोवर द्राक्षबागांचा मुलूख मागे पडलेला असतो आणि साग, ऐन, हिरडा, मोह यांचे रान लागलेले असते. याच रानात बेहडाही असतो. त्रिफळा चूर्णातले एक फळ एवढीच त्याची ओळख आज उरली आहे. पिकून गळालेली त्याची करड्या सालीची, टणक आठळीची फळे गोळा करून विकली जातात. त्याविषयीचे आपले कुतूहल सहसा तिथेच थांबते.

पेठ हा नाशिक जिल्ह्यातल्या सर्वाधिक पावसाच्या तालुक्यांपैकी एक. इथले पाणी दमणगंगेच्या आणि पारेच्या वाटेने पश्चिमेला उतरून अरबी समुद्राला मिळते. उतारावर नागली आणि वरई, खाचरात भात, अशी इथली शेती आहे. पावसाळ्यात डोंगरातून पाण्याचे लोट वाहतात आणि एप्रिल-मे महिन्यांत याच तालुक्यातल्या बायकांना हंडाभर पाण्यासाठी दरी उतरावी लागते. कापणी आटोपली की अनेक कुटुंबे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला जातात. पाऊस कसा आला यावर मजुरीचे दिवस किती लांबणार हे ठरते.

अशा मुलखात, आणि खरे तर महाराष्ट्रात कुठेही, मृग लागण्याआधी एक वाक्य हमखास कानी पडते : गेल्या साली पावसाने दगा दिला, यंदा तो भरून काढील. वाक्य साधे आहे, धीर देणारे आहे. पण त्यात एक सिद्धान्त दडलेला आहे. पावसाकडे आपली काही बाकी आहे, त्याला ती आठवते आणि तो ती फेडतो, असा तो सिद्धान्त. लॉटरीचे तिकीट घेणारा, आकडा लावणारा, चार मुलींनंतर पाचव्या बाळंतपणाची वाट पाहणारे घर, ही सगळी माणसे हाच सिद्धान्त मनाशी धरून असतात. गणिती त्याला जुगाऱ्याचा भ्रम म्हणतात. हा भ्रम आपल्या भाषेत आणि साहित्यात कोणकोणत्या वाटांनी मुरला, आणि त्याला उतारा म्हणावा असे काही आपल्याच परंपरेत होते का, याचा शोध घेण्याचा आमचा प्रयत्न आहे. त्यासाठी सुरुवात त्या बेहड्यापासूनच करावी लागते.

•

बेहडा म्हणजे संस्कृतातला बिभीतक. वैदिक काळातला फासा म्हणजे या झाडाचे फळ. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातले चौतिसावे सूक्त अक्षसूक्त म्हणून प्रसिद्ध आहे. जुगारात घर, बायको, पत, सारे गमावलेल्या माणसाचा तो विलाप आहे आणि त्यातले फासे बिभीतकाचेच आहेत. पुढच्या काळातल्या चौकोनी, ठिपके असलेल्या फाशांशी त्यांचे साम्य नव्हते. अभ्यासकांचे मत असे, की खेळणारा या फळांच्या राशीतून मूठभर फळे उचली आणि त्या संख्येला चाराने भागून काय उरते ते पाही. बाकी शून्य उरली तर कृत, म्हणजे सर्वोत्तम. तीन उरली तर त्रेता, दोन उरली तर द्वापर, आणि एकच उरले तर कली. चार युगांना पुढे हीच नावे मिळाली. आपण ज्या युगात जगतो असे सांगितले जाते, त्याचे नाव हरलेल्या डावावरून आलेले आहे.

मराठीत फाशाच्या या पडण्याला 'दान' म्हणतात. मनासारखे दान पडले, दान उलटे पडले, असे आपण जुगाराच्या वाऱ्याला न उभे राहताही म्हणत असतो. शब्दाची व्युत्पत्ती काहीही असो, मराठी कानाला त्यात देण्याघेण्यातले दान ऐकू येते, आणि तो अर्थ नेमका आहे. दान देणाऱ्यावर बंधन नसते. काल दिले नाही म्हणून आज द्यावेच लागेल असे नसते, आणि काल दिले म्हणून आज हात आखडता घ्यावा असेही नसते. ज्याला परतफेडीचे बंधन असते त्याला आपण 'देणे' म्हणतो. दान आणि देणे यांतला हा भेद भाषेने जपून ठेवला. आपल्या मनाने मात्र तो पुसून टाकला. प्रत्येक दानात आपण थकलेले देणे शोधू लागलो.

•

या गोंधळाचे सर्वांत सुंदर चित्र वनपर्वातल्या नलोपाख्यानात आहे. मराठी वाचकाला नळ-दमयंतीची ओळख बहुधा रघुनाथपंडितांच्या आख्यानातून, म्हणजे स्वयंवराच्या शृंगारातून झालेली असते. मूळ कथेचा कणा मात्र द्यूत हा आहे. दमयंतीने नळाला वरले म्हणून कली चिडतो आणि नळाच्या शरीरात शिरण्यासाठी टपून बसतो. बारा वर्षे त्याला संधी मिळत नाही. एके दिवशी नळ पाय न धुता संध्येला बसतो आणि कली आत शिरतो. त्याच्या सांगण्यावरून द्वापर फाशांत शिरतो. मग नळ भाऊ पुष्कराशी खेळायला बसतो आणि महिनोन् महिने हरत राहतो.

इथे कथाकाराने काय केले ते पाहण्यासारखे आहे. हरण्याची इतकी लांब मालिका कारणावाचून असू शकते हे मनाला पटत नाही. म्हणून आख्यान तिला एक कर्ता देते. तो कर्ता म्हणजे कली, अर्थात पडलेल्या वाईट दानाचेच नाव. दानालाच देह आणि हेतू मिळाला. आजही एखाद्याचे एकामागून एक बिघडत गेले की आपण म्हणतो, याच्यात कली शिरला. किंवा म्हणतो, साडेसाती लागली. साडेसातीची सोय अशी की तिला मुदत असते. मुदत असली की सुटकेची तारीखही असते. दुर्दैवाला कर्ता आणि मुदत मिळाली की ते सोसता येते. या श्रद्धेची आम्हाला टवाळी करायची नाही. तिच्यात माणसाची गरज स्पष्ट दिसते. पण जे सोसायला सोपे, ते खरे असतेच असे नाही.

आख्यानाचा पुढचा भाग मात्र वेगळ्याच दिशेने जातो. बाहुकाच्या रूपात नळ अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाचा सारथी होतो. विदर्भाच्या वाटेवर एक बेहडा लागतो. रथ धावत असतानाच राजा त्या झाडाकडे पाहून सांगतो, की खाली पडलेली पाने आणि फळे झाडावरच्यांपेक्षा एकशे एकने जास्त आहेत. दोन फांद्यांवर पाच कोटी पाने आणि दोन हजार पंच्याण्णव फळे आहेत. नळाला हे खरे वाटत नाही. तो रथ थांबवून मोजतो आणि संख्या बरोबर निघते. राजा म्हणतो, मी फाशांचे मर्म जाणतो आणि संख्येत निष्णात आहे. मग नळ त्याला अश्वहृदय देतो आणि त्याच्याकडून अक्षहृदय घेतो. ती विद्या मिळताक्षणी कली नळाच्या देहातून बाहेर पडतो आणि त्या बेहड्यात जाऊन राहतो. बेहडा अशुभ मानला जातो त्याचे कारण आख्यान हे देते.

झाडाची फळे मोजणे आणि फासे खेळणे यांचा संबंध काय, असा प्रश्न आधुनिक वाचकाला पडेल. मूठभर फळांना चाराने भागण्याचा तो खेळ आठवला की संबंध उलगडतो. ज्याची नजर मोजू शकते, त्याला डाव कळतो. या प्रसंगाकडे पाश्चात्त्य अभ्यासकांचे लक्ष वेधण्यात एका मराठी संख्याशास्त्रज्ञाचा वाटा आहे, ही गोष्ट साहित्याच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असायला हवी. संभाव्यतेची कल्पना कशी उदयाला आली यावर तत्त्वज्ञ इयान हॅकिंग यांनी १९७५ साली ग्रंथ लिहिला. त्यात ऋतुपर्णाची कथा येते, आणि ती आपल्याला कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाचे वि. प्र. गोडांबे यांच्याकडून कळली असे हॅकिंग नोंदवतात. गोडांबे हे नमुना पाहणीच्या सिद्धान्तातले जगन्मान्य नाव. त्यांचा १९५५ सालचा निबंध त्या शास्त्राच्या पायाशी आहे. मूठभर पाहून सगळ्याचा अंदाज कसा बांधावा, या प्रश्नावर आयुष्य घालवणाऱ्या माणसाला हे झाड दिसावे यात नवल नाही. ऋतुपर्णाने दोन फांद्यांवरून झाडाचा अंदाज बांधला, की त्याची नजरच तशी होती, हे आख्यान उघड करत नाही. एवढे मात्र उघड आहे, की कलीला बाहेर काढणारी विद्या मंत्राची नव्हती. ती मोजण्याची होती.

•

मोजणे म्हणजे नेमके काय, हे एका नाण्यावरून पाहू. नाणे दहा वेळा उडवले आणि दहाही वेळा छापा पडला. आता काटा 'राहिला' आहे असे वाटते, कारण शेवटी दोन्ही सारखेच पडणार असे आपण ऐकलेले असते. ऐकलेले खोटे नाही. बाझेलच्या याकोब बर्नुलीने दीर्घकाळात प्रमाण स्थिरावते हे गणिताने सिद्ध केले. त्याच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी, १७१३ साली, ते पुस्तकातून प्रसिद्ध झाले. सिद्धतेवर आपण वीस वर्षे विचार केला, असे त्याने स्वतःच म्हटले आहे. पण प्रमाण कशामुळे स्थिरावते?

समजा, पुढे नाणे ९९० वेळा उडवले आणि त्यांत बरोबर निम्मे, म्हणजे ४९५ छापे आणि ४९५ काटे पडले. एकूण छापे ५०५, काटे ४९५. सुरुवातीला शंभर टक्के असलेले छाप्याचे प्रमाण साडेपन्नास टक्क्यांवर आले. दहा हजारांपर्यंत असेच गेलो तर ते ५०.०५ टक्के होईल. मात्र छाप्याची ती दहांची आघाडी जशीच्या तशी आहे. ती कुणी फेडली नाही. ती फक्त मोठ्या संख्येत विरघळली. प्रत्यक्षात तर आघाडी वाढण्याकडेच कल असतो : शंभर वेळा उडवल्यास छापा-काट्यांत दहाच्या आसपास फरक पडणे स्वाभाविक, तर दहा हजार वेळा उडवल्यास शंभराच्या आसपास. शेकड्याच्या हिशेबात फरक घटतो, नगांच्या हिशेबात तो वाढतो.

दीर्घकाळाविषयीचा सगळा गैरसमज या एका जागी आहे. आपण समजतो की सरासरी परतफेडीने साधली जाते. ती साधली जाते विरघळण्याने. ओंजळभर मीठ विहिरीत टाकले तर पाणी खारट लागत नाही, म्हणून कुणी ते मीठ परत दिले असे होत नाही. नाण्याला वही नाही, खाते नाही, आठवण नाही. थोरांचीही इथे फसगत झाली आहे. अठराव्या शतकात फ्रान्सच्या दालांबेरसारख्या श्रेष्ठ गणितज्ञाला छाप्यांच्या लांब मालिकेनंतर काट्याची शक्यता वाढते असेच वाटत होते.

•

मराठी मनाला नाण्याचे हे विस्मरण आणखी अवघड जाते, कारण काळाविषयी बोलताना आपल्याला चाकाखेरीज दुसरी प्रतिमा सहजी सुचत नाही. रहाटगाडगे, दैवाचा फेरा, दिवस पालटणे, बारा वर्षांचे तप. चाकाचा गुण असा की खाली गेलेला आरा वर येतोच. ज्या गोष्टी खरोखर चाकावर चालतात त्यांच्यासाठी ही प्रतिमा योग्य आहे. नाशिक-त्र्यंबकेश्वरचा सिंहस्थ २००३ साली भरला, २०१५ साली भरला, कारण गुरू सूर्याभोवतीची फेरी बारा वर्षांच्या आसपास पुरी करतो. गुरूला नियम आहे. गोदावरीच्या पुराला तो नाही.

सिंहस्थ ज्या घाटावर भरतो त्याच घाटावर दुतोंड्या मारुती उभा आहे. पाणी त्याच्या पायाला लागले, कमरेला लागले, गळ्याशी आले, अशा भाषेत नाशिककर पूर मोजतात. १९६९ सालचा महापूर जुन्या माणसांच्या तोंडी होता. त्यानंतर शहराने मोठा पूर म्हणून मनात ठेवला तो सप्टेंबर २००८ चा. मग ऑगस्ट २०१६ आणि ऑगस्ट २०१९. अंतरे पाहावीत : एकोणचाळीस वर्षे, आठ वर्षे, तीन वर्षे. या अंतरांत फेरा शोधणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. यात गंगापूर धरणातून सोडलेले पाणी आहे, काठावर चढलेले बांधकाम आहे, म्हणून हा निव्वळ फाशाचा खेळ नव्हे हे मान्य. पण 'एवढा पूर येऊन गेला, आता एक तप तरी निर्धास्त' असे समजून पुन्हा काठाला दुकान मांडणारा माणूस गुरूचा नियम नदीला लावत असतो.

'शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर' हा शब्दप्रयोगही असाच फसवा आहे. त्याचा अर्थ दर वर्षी शंभरात एक शक्यता, एवढाच. या हिशेबाने असा पूर शंभर वर्षांत एकदाही न येण्याची शक्यता सुमारे ३७ टक्के आहे, आणि तीस वर्षांच्या उमेदीत तो किमान एकदा पाहावा लागण्याची शक्यता सुमारे २६ टक्के आहे. आज तो आला म्हणून उद्याच्या शक्यतेतून काही वजा होत नाही.

नदीकाठ सोडून घरात आलो तरी हेच दिसते. लाप्लासने १८१४ साली संभाव्यतेवर जो तात्त्विक निबंध प्रसिद्ध केला, त्यात मुलाची आस लागलेल्या बापांचा उल्लेख आहे. आपल्या बाळाच्या जन्माच्या महिन्यात गावात इतरांना मुलगे झालेले पाहून ते अस्वस्थ होत. मुलगे 'संपत' चालले असे त्यांना वाटे. आपल्याकडे हा भ्रम दुसऱ्या अंगाने येतो. चार मुली झाल्या, आता पाचवा मुलगाच. पाच बाळंतपणांत पाचही मुली होण्याची शक्यता ढोबळमानाने बत्तिसांत एक, हे खरे. पण चार मुली होऊन गेल्यावर पाचवी मुलगी होण्याची शक्यता जवळजवळ निम्मी असते. झालेल्या चौघींना त्या बत्तिसांत पुन्हा धरायचे नसते. हिशेबातली ही चूक पुरुषसत्तेने आनंदाने पोसली. पाचवीही मुलगी झाली की तिचे नाव 'नकुसा' ठेवायचे, म्हणजे तरी पुढे मुलगा होईल, अशी समजूत होती. २०११ साली सातारा जिल्ह्यात अशा २८० हून अधिक मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली. त्या मुलींनी तोवर एका चुकलेल्या हिशेबाचे नाव अंगावर वागवले होते. यदृच्छेविषयीचे अज्ञान निरुपद्रवी असते असे ज्यांना वाटते, त्यांनी ही नावे आठवावीत.

•

चाक आणि देणे या दोन प्रतिमांइतक्या प्रबळ नसल्या, तरी वेगळ्या विचाराच्या खुणा आपल्या परंपरेत आहेत. आज संख्याशास्त्रात ज्याला आपण 'यादृच्छिक' म्हणतो, त्यामागची यदृच्छा श्वेताश्वतर उपनिषदात भेटते. जगाचे कारण काय, या प्रश्नाची जी उत्तरे तिथे विचारार्थ मांडली आहेत, त्यांत काळ, स्वभाव, नियती यांच्या जोडीने यदृच्छाही आहे. उपनिषदाने तिला स्वीकारले नाही, पण तिचे नाव घेतले. न्यायांच्या भांडारात काकतालीय न्याय आहे : कावळा बसायला आणि ताडाचे फळ पडायला एकच गाठ पडली, म्हणून कावळ्याने फळ पाडले असे होत नाही. आणि घुणाक्षर न्याय आहे : लाकूड कोरता कोरता किड्याच्या हातून अक्षरासारखी आकृती उमटली, म्हणून किड्याला लिहिता येते असे होत नाही.

घुणाक्षराचे आधुनिक उदाहरण मटक्याच्या चार्टात सापडते. १९६० च्या दशकात मुंबईत मटक्याचा धंदा वाढला. आरंभी न्यूयॉर्कच्या कापूसबाजाराच्या भावांवर पैजा लागत; पुढे आकडे इथेच निघू लागले. मुंबईतून तो गावोगावच्या टपऱ्यांवर पोहोचला. जुने आकडे ओळीने छापलेले चार्ट निघू लागले. ते हाती घेऊन माणसे तासन् तास बसत, कोणता आकडा बरेच दिवस आला नाही ते पाहत आणि त्यावर पैसे लावत. सोडत निर्मळ असेल आणि दहाही आकड्यांना सारखी संधी असेल, तर एखादा विशिष्ट आकडा सलग वीस सोडतींत न येण्याची शक्यता १२ टक्के आहे. आकडे दहा, म्हणजे कोणतीही वीस घरे उघडली तरी त्यांत सरासरीने एखादा आकडा न आलेला सापडायचाच. 'राहिलेला' आकडा नेहमीच असतो. तो किड्याने कोरलेले अक्षर आहे, आणि त्या अक्षराच्या वाचनापायी किती पगार घरी पोहोचले नाहीत ते मोजता येणार नाही.

साहित्याचा अभ्यास करणाऱ्यांनी इथे थोडे स्वतःकडेही पाहावे. आकृती शोधणे हा आपला व्यवसाय आहे. कवितेत एखादी प्रतिमा तीनदा आली की आपण थांबतो, आणि ते योग्यच असते, कारण कवितेमागे कवी असतो. कथेत पहिल्या अंकातले कर्ज शेवटच्या अंकात फिटते, कारण तिथे लेखक हिशेब ठेवत असतो. याच सवयीने आपण जगाकडे पाहू लागलो की गल्लत होते.

•

आता पुन्हा पेठकडे. पाऊस म्हणजे फासा नव्हे, ही हरकत कुणी घेईल आणि ती रास्त आहे. पावसाला कारणे आहेत. प्रशांत महासागराचे पाणी तापले की आपल्या मोसमी वाऱ्यांवर त्याचा परिणाम होऊ शकतो. पण कारणे असणे वेगळे आणि देणे फेडणे वेगळे. २०१४ साली देशाचा मोसमी पाऊस सरासरीच्या १२ टक्क्यांनी कमी पडला. 'यंदा भरून काढील' या न्यायाने २०१५ साल चांगले जायला हवे होते. त्या वर्षी तूट १४ टक्के झाली. १९६५ आणि १९६६ या दोन वर्षांनीही तशीच पाठोपाठ तूट दाखवली होती.

हिशेबासाठी समजू, की पाचांतले एक साल वाईट जाते आणि सालांचा परस्परांशी संबंध नाही. मग चाळीस वर्षे शेती करणाऱ्याला कधी ना कधी लागोपाठ दोन वाईट साले पाहावी लागण्याची शक्यता किती? सुमारे ७५ टक्के. जिला आपण दैवाचा कोप म्हणू, ती एका आयुष्यात बहुधा घडणारी सामान्य घटना आहे. शिवाय सरासरी शेताच्या कामी येत नाही. आषाढात रोप वाळले आणि भाद्रपदात धो धो पाऊस पडला, तर तालुक्याची सरासरी पुरी होते. वाळलेले रोप उठत नाही. पेठच्या पावसाचा आकडा पाहून मे महिन्यातल्या रिकाम्या हंड्याची कल्पना येत नाही, तसेच हे आहे.

या अनिश्चिततेशी प्रामाणिक वागण्याची एक रीत मराठी संख्याशास्त्रज्ञांनीच रुजवली. पीक किती आले हे ठरवताना पूर्वी नजरेच्या अंदाजावर भिस्त असे, आणि नजर आपल्याला हवे ते शेत निवडते. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ साली जन्मलेल्या पां. वा. सुखात्मे यांनी १९४० च्या दशकात पीककापणीचे प्रयोग यादृच्छिक निवडीने करण्याची पद्धत देशभर नेली. वि. गो. पानसे यांच्यासह त्यांनी शेतीसंशोधकांसाठी लिहिलेले संख्याशास्त्राचे पुस्तक १९५४ साली आले. कोणत्या शेताचा कोणता तुकडा कापून मोजायचा, हे चिठ्ठी ठरवील, माणूस ठरवणार नाही. ज्या फाशाने नळाचे राज्य घेतले, त्याच फाशाला इथे पंच म्हणून बसवले गेले. त्याला आठवण नाही, ओळखदेख नाही, कुणाचे देणे नाही, हाच त्याचा दोष इथे गुण ठरला. मात्र त्याने दाखवलेल्या तुकड्यावर खरोखर जाऊन मोजणे माणसाच्याच हाती राहते.

आणि शेवटी कणगी. नागली हे धान्य वर्षानुवर्षे टिकते, त्याला कीड सहसा लागत नाही. म्हणून डोंगराळ भागातली घरे बरे साल आले की ती शेणाने लिंपलेल्या कणगीत राखून ठेवत आली. तोंडाने माणसे म्हणत, यंदा पाऊस भरून काढील. हात मात्र पुढचेही साल बुडेल या हिशेबाने धान्य भरत. बोलण्यातला भ्रम आणि वागण्यातले शहाणपण एकाच घरात, एकाच ओसरीवर सुखाने नांदले. अक्षहृदय म्हणतात ते याहून फार वेगळे नसावे. ते मिळाल्यावर नळ पुष्कराशी पुन्हा खेळला आणि जिंकला. पण आपण पुष्कळ हरलो, आता जिंकण्याची पाळी आपली, असे म्हणून तो खेळायला बसला नाही. आधी रथातून उतरून त्याने झाड मोजले होते.